साखर पेठेतल्या मागाच्या घराच्या नोंदी

४ फेब्रुवारी २०२४

सोलापूरच्या साखर पेठेतलं घर आज आर्किटेक्ट म्हणून पहिल्यांदा पाहिलं. रस्त्याला १८ फूट, आत ६२ फूट. पूर्वेला ओटा, मग मागाची खोली, माजघर, स्वयंपाकघर, शेवटी उघडं परसू आणि त्यात न्हाणी व हौद. पुढच्या दोन खोल्यांवर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत आहे, मागच्या भागावर कधीतरी पत्रे घातलेत. भिंती दोन फुटी. खांद्याच्या उंचीपर्यंत दगड आणि माती, त्यावर पांढरीचे, म्हणजे जुन्या गावठाणातल्या मातीचे भेंडे (कच्च्या विटा).

कुटुंब पद्मशाली, विणकरांचं. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि माझ्याशी बोलताना दोन्ही. आधी हातमाग होता, मग पॉवरलूम आले, आणि लूम अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेले तशी पुढची खोली रिकामी झाली. आता तिथे सायकली, टॉवेलच्या गठ्ठ्यांची पोती आणि एक बंद फ्रीज आहे. राहणारी माणसं नऊ. अम्मा ऐंशीच्या पुढच्या, दोन मुलगे, दोन सुना, चार नातवंडं.

मोठ्या अण्णांचं म्हणणं सरळ आहे. "सगळं पाडा मॅडम, पिलर घ्या, वर एक मजला काढा. पोरं मोठी व्हालेत." धाकटे काही बोलले नाहीत. अम्मांनी एकच मागितलं, हौद मोठा कर. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, तेव्हा या घराचा खरा केंद्रबिंदू हौदच आहे हे मलाही मान्य.

मी एक महिना मागून घेतला. पाडायचं की ठेवायचं हे मोजल्याशिवाय सांगणार नाही, असं म्हटलं. मोठे अण्णा म्हणाले, "मोजायला एक महिना कशाला? टेप लावा की." पण 'हो' म्हणाले.

६ फेब्रुवारी

मोजणी. मी, ऑफिसातला मुलगा आणि गवंडी मामा. मामांना मुद्दाम बोलावलं, कारण माळवदाचं काम हाताने केलेली माणसं सोलापुरात आता थोडी राहिलीत.

लेझर मीटरने उभ्या-आडव्या लांब्या पटापट झाल्या. खरा वेळ गेला कोनाड्यांत. भिंतीत सात देवळ्या आहेत आणि एकीचंही माप दुसरीशी जुळत नाही. लेझरचा ठिपका पोपडे आलेल्या गिलाव्यावर नीट बसत नाही, दाराजवळच्या उन्हात तर दिसतच नाही. तिथे टेप, ओळंबा आणि पाण्याची नळी हेच कामाला आलं. पाण्याच्या नळीने लेव्हल घेताना मुलाने पहिल्यांदाच पाहिलं की खोलीची एक बाजू दुसरीपेक्षा दोन इंच खाली आहे. पोरगं हुशार आहे, नळीतलं पाणी स्थिर होईपर्यंत श्वास रोखून बसलं होतं.

मामांनी मोजलं ते खणांत. "पुढची खोली तीन खणी." दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे एक खण. घर बांधणाऱ्याने बोललेलं माप हेच. माझ्या वहीत फूट-इंच, संगणकात मिलिमीटर, मामांच्या तोंडी खण. तिन्ही लिहून ठेवले.

फ्रीज सरकवला तेव्हा खाली शहाबादी फरशीत एक लांबट चौकोन दिसला. फरशा वेगळ्या, सांधे सिमेंटचे. मागाचा खड्डा. कधीतरी भरून वरून फरशी टाकलीय.

११ फेब्रुवारी

रेखाटन जुळत नाही. मागाची खोली आतून १४ फूट बाय १६ फूट, चारही भिंतींची मापं बरोबर, पण ऑटोकॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये काढली की दार तीन इंच भिंतीत शिरतं. रात्री अकरापर्यंत चूक शोधत होते. शेवटी वहीतले कर्ण पाहिले. एक २१ फूट ८ इंच, दुसरा २० फूट १० इंच. काटकोनी खोलीत दोन्ही सारखे यायला हवेत. मी 'ऑर्थो' चालू ठेवून काढत होते, म्हणजे रेघ आपोआप सरळच पडणार. मी खोली सरळ धरून चालले होते. ती तशी नाहीच.

ही चूक माझी, आणि ती लिहून ठेवते कारण ती पुन्हा होईल. आता त्रिकोणांनी काढतेय. प्रत्येक कोपऱ्यापासून दोन मापं, कंपासचे दोन कंस, जिथे छेदतील तो बिंदू. वडील असंच काढायचे. ते एका गिरणीच्या बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. ट्रेसिंग पेपर, रोट्रिंगची पेनं, चुकलं की ब्लेडने शाई खरवडायची आणि तिथे नखाने कागद घोटायचा. खरवडलेल्या जागी पुन्हा रेघ मारली की शाई फुटते, म्हणून चुकायच्या आधी तीनदा मोजायचे. आयव्हन सदरलँडने १९६३ मध्ये एमआयटीत 'स्केचपॅड' केलं, पडद्यावर प्रकाशाच्या पेनाने रेघ काढली. १९८२ च्या डिसेंबरात ऑटोकॅड बाजारात आलं. आमच्या घरात संगणक आला १९९८ साली. वडिलांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "कागद किती मोठा आहे याच्यात?" अमर्याद आहे म्हटल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग प्रमाण आधी ठरवायला लागणार नाही. हे काय बरं नाही." तेव्हा मला कळलं नव्हतं. प्रमाण आधी ठरवलं की काय दाखवायचं आणि काय गाळायचं तेही आधी ठरतं. डोकं आधी चालतं, हात नंतर.

१८ फेब्रुवारी

फोटोंवरून त्रिमिती. सकाळी सात ते दहा, सावल्या कडक व्हायच्या आत. ओटा, मागाची खोली आणि माळवदाची वरची बाजू मिळून ४१२ फोटो. प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर दोन-तृतीयांश तरी चढला पाहिजे, म्हणजे सॉफ्टवेअरला तोच ठिपका अनेक कोनांतून सापडतो आणि त्यावरून त्याची जागा काढता येते. भिंतीवर चार ठिकाणी मोजपट्टीचे कागद चिकटवले. ते नसले तर आकार बरोबर येतो, माप येत नाही.

पांढऱ्या गुळगुळीत भिंतीवर ही पद्धत अडते, धरायला ठिपकाच मिळत नाही. इथे ती अडचण नव्हती. पोपडे, खिळे, देवाचं कॅलेंडर, कुंकवाची बोटं, सगळं धरलं गेलं. फक्त उत्तरेच्या भिंतीचा एक पट्टा रिकामा आला. तेवढाच भाग बाकीच्या भिंतींपेक्षा पांढरा आणि साफ. का, ते अजून कळलेलं नाही.

त्या भिंतीजवळ छताला साणं, म्हणजे उजेडासाठीचं भोक आहे, वरून प्लास्टिकच्या कागदाने बांधलेलं. १८ इंच बाय ९ इंच. लांब बाजू उत्तर-दक्षिण.

२५ फेब्रुवारी

अम्मांशी बोलले. पांढऱ्या पट्ट्याचं विचारलं.

"ती भिंत मामंजी दर दसऱ्याला चुन्याने रंगवायचे. बाकीच्या भिंती चार-पाच वर्षांनी. ती एकच दर वर्षी."

का, असं विचारल्यावर अम्मांना प्रश्नच विचित्र वाटला. "उजेड येतो गं तिथून."

मग त्यांनी माग कसा होता ते सांगितलं. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसायचा, तोंड पश्चिमेला, म्हणजे उत्तरेची भिंत उजव्या हाताला. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, पसरलेला त्याच्या समोर. धोटा इकडून तिकडे, फणी ओढून ठोकायची. नऊवारी लुगड्याचा काठ विणताना एक धागा जरी चुकला तरी उजेडात दिसायला हवा. "पण ऊन नको. खळ लावलेल्या सुताला ऊन लागलं की तुटतंय." उजेड हवा आणि ऊन नको, ही अट घर बांधणाऱ्याने कशी पाळली, तेच मला शोधायचंय.

खड्डा कुठून सुरू व्हायचा? अम्मा काठी टेकत उठल्या आणि भिंतीपासून मोजल्यासारखी पावलं टाकून एका सांध्यावर काठी ठेवली. टेप लावली. साडेचार फूट. फरशीच्या वेगळ्या चौकोनाची कडही तिथेच आहे.

३ मार्च

सोलापूरजवळच्या कुंभारीला जाऊन आले. थोडं आडवाटेचं, पण छोट्या घराचा विचार सोलापुरात करायचा तर ते पाहिल्याशिवाय करता येत नाही. २००६ मध्ये विडी कामगार बायकांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, १०,००० घरांची. शेजारीच रे नगर. एकूण ३०,००० घरांची योजना, त्यातली १५,००० यंदा १९ जानेवारीला कामगारांच्या ताब्यात गेली. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावरच्या, चिंध्या वेचणाऱ्या बायकांचं स्वतःच्या नावाचं घर, हे या शहरातलं फार मोठं काम आहे. जुन्या वसाहतीत अठरा वर्षांत लोकांनी काय केलं ते बघत फिरले. बहुतेक दारांत ओटा वाढवलाय आणि सकाळी नऊ वाजता बायका तिथेच सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या. आत दिवा लावायला नको, पानाची शीर दिसते. काम जिथे उजेड तिथे सरकतं.

चार्ल्स कोरियांचं अहमदाबादचं 'ट्यूब हाउस' आठवलं, १९६१-६२ चं. अरुंद घर, गरम हवा उतरत्या छताच्या आतून वर चढून माथ्यावरच्या झडपेतून बाहेर जाते. साखर पेठेतली १८ फुटी पट्टीसुद्धा तशीच नळी आहे. आपल्याकडे झडपेच्या जागी साणं.

१२ मार्च

स्ट्रक्चरल इंजिनिअरांना घेऊन माळवदावर. इथे मी थोडी सविस्तर लिहिते, कारण ठेवायचं की पाडायचं याचा निर्णय इथे आहे.

खालून वर: तुळया, त्यावर कड्या (आडवी लाकडं), कड्यांवर किलचण (लाकडाच्या बारीक तुकड्यांचा थर), त्यावर तरवडाच्या काड्या, मग माती. वरची माती पांढरीची, जुन्या गावठाणातली. काळी माती माळवदाला चालत नाही, भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. पांढरीत राख आणि खार असतो, ती तेवढी हलत नाही. आम्ही एका कोपऱ्यात हातभर खड्डा घेतला. मातीची जाडी १५ इंच.

सुरुवातीला १५ नसणार. माळवद गळलं की लोक वरून आणखी एक थर घालतात, दर दोन-तीन वर्षांनी. जुना काढत नाहीत. कडेला थर मोजता येत होते. एक करडा, एक तुसाचा, एकात बॉयलरच्या कोळशाची काळी राख. ही राख गिरणीतली असणार, असं मामा म्हणाले.

हेच वजन किल्लारीच्या भूकंपात माणसांवर पडलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून लोक झोपलेले. सुमारे दहा हजार माणसं गेली. दोन फुटी दगडी भिंती, आत-बाहेरचे दोन पापुद्रे आणि मध्ये खांडकी, आरपार जाणारा दगड नाही. धक्क्यात पापुद्रे सुटले आणि वरून सगळी माती खाली आली. सोलापूर किल्लारीपासून शंभर किलोमीटरच्या आत. अम्मांना तो हादरा आठवतो, भांडी फळीवरून पडलेली. मोठे अण्णा 'पाडा' म्हणतात त्यात ही भीतीही आहे, आणि ती खोटी नाही. जुनं घर छान दिसतं म्हणून ती बाजूला सारणाऱ्याशी मी वाद घालेन.

त्याच वर्षी भारतीय मानक १३८२८ आलं, कमी ताकदीच्या दगड-विटांच्या बांधकामासाठी. इंजिनिअरांनी सुचवलेलं त्याच धर्तीवर आहे. माती आठ इंचांवर आणायची. भिंतीत तीन-चार फुटांवर एक आरपार भोक घेऊन त्यात हूक केलेली सळई आणि काँक्रीट, म्हणजे दोन पापुद्र्यांना टाके. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा सलग पट्टा, कोपऱ्यांत अखंड. कड्यांची टोकं त्या पट्ट्याला बांधायची. मागचं नवं बांधकाम पूर्ण वेगळं, मध्ये दोन इंचांची फट, म्हणजे हललं तर दोघं आपापले हलतील.

हिशोब केला. खोली २२४ चौरस फूट, सात इंच माती काढली तर सुमारे १३० घनफूट. घनफुटाला ४५ ते ५० किलो धरले तर सहा टनांच्या आसपास वजन डोक्यावरून उतरतं.

मग संध्याकाळी लक्षात आलं, माती पातळ केली की साणंही उथळ होणार.

२० मार्च

आज विषुवदिन, म्हणून मुद्दाम थांबले होते. साण्यावरचं प्लास्टिक काल सोडलं.

स्केचअपमध्ये, म्हणजे त्रिमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये खोली वाकडी जशी आहे तशी उभी केलीय, सोलापूरचा अक्षांश १७.६६ दिलाय. छत आतून नऊ फूट, साण्याची खोली माती व किलचण धरून १७ इंच, भिंतीपासून अंतर सव्वा फूट. संगणकाने सांगितलं की आज माध्यान्हीला, म्हणजे आपल्या घड्याळात १२ वाजून ३४ मिनिटांनी, उन्हाचा पट्टा उत्तरेच्या भिंतीवर जमिनीपासून १ फूट ९ इंच ते ५ फूट १ इंच पडेल.

बारा वाजल्यापासून आम्ही चौघं खोलीत. उन्हाची तिरीप पश्चिमेकडून भिंतीवर सरकत आली. साडेबाराला मुलाने खडूने वरची-खालची कड आखली. खालची कड १ फूट ७ इंच. दोन इंचांचा फरक, तुळई मध्ये खाली झुकलीय त्याचा. मला आनंद झाला. आनंद मोजमाप जुळल्याचा नव्हता, खोली कशी उजळली त्याचा होता. ऊन फक्त भिंतीवर, आणि भिंतीवरून परतलेला पांढरा मऊ उजेड मागाच्या जागेवर. पोत्यातल्या सुताचा धागा मी तिथे धरून पाहिला, पीळ मोजता येत होता.

मग वर्षभराचा सूर्य फिरवून पाहिला. डिसेंबरात माध्यान्हीला पट्टा सव्वासात-साडेसात फुटांवर, चार बोटं रुंद. मे महिन्यात सूर्य डोक्यावर, तेव्हा ऊन भिंतीच्या पायाशी जमिनीवर. जूनमध्ये सूर्य उत्तरेला गेलेला असतो, ऊन दक्षिणेकडे म्हणजे मागाकडे सरकतं, पण सर्वांत दूर गेलं तरी सव्वाचार फुटांच्या आत थांबतं. माग साडेचारवर. वर्षातल्या एकाही दिवशी ऊन ताण्याला लागत नाही. नऊ इंचांची अरुंद बाजू पूर्व-पश्चिम का, तेही उलगडलं. सूर्य माध्यान्हीपासून दोन-एक तासांपलीकडे कलला की साण्याची कडच ऊन अडवते.

आता छत पातळ करून पाहिलं, १७ च्या ऐवजी १० इंच. जूनमध्ये सकाळी साडेनऊ ते दहा ऊन मागावर. पाच फुटांपर्यंत जातं. दुपारी तीन-साडेतीनला पुन्हा तेच.

उपाय: साण्याभोवती वरून सात इंचांचा कठडा. खोली पुन्हा १७. जीव वाचवायला माती काढू, उजेड वाचवायला कठडा बांधू.

२७ मार्च

घरात बैठक. नकाशे कागदावर छापून नेले. लॅपटॉपवर त्रिमिती फिरवली की लोक माना डोलावतात आणि मग काही विचारत नाहीत. कागदावर बोट ठेवता येतं.

प्रस्ताव असा. ओटा आणि मागाची खोली ठेवायची, मजबूत करून. माजघरापासून मागे सगळं उतरवायचं, तिथे तळमजला आणि वर एक मजला, आरसीसी. दोहोंच्या मध्ये सहा फुटांचा चौक, त्याखाली १५,००० लिटरचा हौद. मोठ्या अण्णांना चार खोल्या हव्या होत्या, चारही बसतात. त्यांनी खर्च विचारला, दोन्हीचा. सगळं पाडून बांधण्यापेक्षा हे थोडं स्वस्त पडतं, फार नाही. ते मी तसंच सांगितलं. स्वस्ताईच्या नावाखाली मला हे विकायचं नाही.

"त्या खोलीत करणार काय?" हा त्यांचा खरा प्रश्न. उत्तर धाकट्यांनी दिलं, आजवर पहिल्यांदाच बोलले. त्यांच्या बायकोचं शिवणकाम आहे, टॉवेलांच्या कडा आणि नॅपकिन. आत्ता ती ट्यूबलाइटखाली बसते. "तिचं मशीन तिथं बसंल."

मोठे अण्णा नकाशाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हौद वीस हजाराचा करा." ठरलं.

९ एप्रिल

पाडवा. गुढी ओट्यावर. काम उद्यापासून.

१८ एप्रिल

पारा ४२ च्या वर. काम सकाळी सहा ते अकरा. माळवदाची माती घमेल्याने उतरवतोय, चारही बाजूंनी सारखी, एकाच बाजूने काढली तर कड्या उसळतात. खाली टेकू दिलेत. पांढरी चाळून परसात ढीग करतोय, तीच परत वापरायची.

दुपारी मामांचा फोन. "ताई, साण्यापाशी या जरा."

मातीत गाडलेला कठडा निघाला. शहाबादीच्या चार पट्ट्या साण्याभोवती उभ्या, चुन्यात बसवलेल्या. उत्तर, दक्षिण आणि पश्चिमेची शाबूत, पूर्वेची तुटलेली. सर्वांत खालच्या थराच्या माथ्यापासून उंची सहा ते साडेसहा इंच. तो खालचा थर मोजला, नऊ इंच. म्हणजे घर बांधलं तेव्हा माती नऊच इंच होती आणि साण्याला कठडा होता. वरचे सगळे थर नंतरचे, आणि वाढत वाढत कठड्याच्या माथ्याला येऊन टेकलेले.

मी सात इंचांचा कठडा संगणकात काढला होता. तो तिथे होताच.

मामांच्या मते तो उन्हासाठी नव्हे, पावसासाठी. माळवदावरचं पाणी साण्यातून आत येऊ नये म्हणून कठडा करतातच, सगळ्या माळवदांना असतो. त्यांचं बरोबर असणार. पण मग भिंतीपासूनचं सव्वा फूट, लांब बाजू उत्तर-दक्षिण, दर दसऱ्याचा चुना? मला वाटतं घर बांधणाऱ्याला ही दोन कामं वेगळी वाटतच नसतील. चुन्याच्या सांध्यात बोटाचा ठसा आहे, अंगठ्याचा, दाबून सरळ ओढलेला. त्याचा जवळून फोटो घेतला, त्रिमितीत जोडला. तुटलेली पट्टी नवीन शहाबादीची करू, पण त्या सांध्याला हात लावायचा नाही असं मामांना सांगितलं. त्यांनी आधीच ओलं पोतं टाकून झाकला होता.

७ मे

मतदान. काम बंद.

भिंतीचे टाके सगळे भरून झाले, ३८. माथ्याचा पट्टा २९ एप्रिलला ओतला. काँक्रीटला पाणी मारायचं तर नळाला पाणी नाही, उजनी धरणही खपाटीला गेलेलं. टँकरचं पाणी पोत्यांवर टाकून पोती दिवसभर ओली ठेवली. सुनांनी भांडी धुतलेलं पाणी निवळून तेही दिलं. आठ दिवस झाले, अजून दोन दिवस ठेवू.

१० मे

अक्षय्य तृतीया. आणि आजच आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस, सूर्य बरोबर डोक्यावर. वर्षात दोनदा येतो, पुढचा ऑगस्टच्या सुरुवातीला, पण तेव्हा ढग.

माती आठ इंचांवर, कठडा पुन्हा उभा. अम्मांनी सकाळी खोलीत पूजा केली, आंब्याचा रस-पोळी. बारा वाजता सगळं घर मागाच्या खोलीत. मुलांनी चौकात स्टीलचा पेला उपडा ठेवला, सावली बघायला.

१२ वाजून २३ मिनिटांनी ऊन साण्यातून सरळ खाली आलं. जमिनीवर साण्याच्याच मापाचा चौकोन, १८ बाय ९, कडा थोड्या विरलेल्या. भिंतीपासून सव्वा फूट ते पावणेतीन फूट. टेप लावली, अर्ध्या इंचाचा फरक. चौकात पेल्याची सावली पेल्याखालीच गेली होती.

धाकट्या सूनबाईंनी मशीन कुठे ठेवायचं ते बघून ठेवलं. साडेचार फुटांच्या रेघेपलीकडे. मी सांगितलं नव्हतं.

२४ मे

परवानगीचे नकाशे. ऑनलाइन प्रणालीला यूडीसीपीआरप्रमाणे, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे ठरलेले लेयर, बंद आकृत्या लागतात. वाकड्या खोलीच्या भिंती बंद आकृतीत बसवायला दोन दिवस. मुलगा म्हणाला, सरळ करून टाकू, कुणाला कळणार. नाही. वाकडीच दाखल केली, क्षेत्रफळ खऱ्या कोपऱ्यांवरून.

आता दोन फायली आहेत. एक परवानगीची, एक घराची. घराच्या फायलीत भिंतीचे थर, साण्याचं वर्षभराचं ऊन, खणांची मापं, अम्मांनी सांगितलेलं आणि ४१२ फोटो. ती फाईल एका पेन ड्राइव्हवर कुटुंबाला दिली आणि एक प्रत ए-१ कागदावर छापून. सॉफ्टवेअर दहा वर्षांनी उघडेल याची खात्री मला देता येत नाही, कागद उलगडता येतो.

८ जून

मृग लागला आणि रात्री पाऊस. पहाटे सहाला जाऊन पाहिलं. माळवदाचा उतार पन्हाळीकडे नीट जातोय, साण्यावर शहाबादी झाकण बसलंय, कठड्याच्या बाहेर पाणी, आत कोरडं. गळती एका ठिकाणी, नैर्ऋत्य कोपऱ्यात, जिथे पट्टा आणि जुनी माती भेटतात. बोटभर ओल. मामा पांढरीत तूस कालवून तिथे हात फिरवणार, दोन दिवस उघाड मिळाली की.

मागे हौदाची खोदाई पाच फुटांवर. अजून काळी मातीच, मुरूम लागलेला नाही. इंजिनिअरांशी बोलले. मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, अर्ध्यावर थांबायचं नाही.